जाळ्यातले वाटाडे

बॉस्टन शहरातील ‘बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर’ हे हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले नामांकित रुग्णालय. १३ नोव्हेंबर २००२ रोजी, बुधवारी दुपारी, तेथील संगणक अचानक मंदावले आणि थोड्याच वेळात ठप्प झाले. एकाही संगणकात बिघाड नव्हता, वीज सुरळीत होती, सर्व्हर चालू होते; पण एका संगणकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता. प्रयोगशाळेचे अहवाल वॉर्डात येईनात, औषधांच्या मागण्या औषधविभागात जाईनात. काही तास आपत्कालीन विभाग बंद ठेवून रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. कारभार पुन्हा कागदावर आला, तेव्हा असे लक्षात आले की, तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी कागदी अर्जावर औषध लिहून देण्याचे काम कधी केलेलेच नव्हते. जुन्या परिचारिका आणि ज्येष्ठ डॉक्टर त्यांना शिकवू लागले. जाळे पूर्ववत विश्वासार्ह व्हायला चार दिवस लागले.

रुग्णालयाचे माहितीविभाग प्रमुख डॉ. जॉन हलाम्का हे स्वतः आपत्कालीन विभागात काम करणारे डॉक्टर. त्यांनी या घटनेवर पांघरूण घातले नाही. काय झाले, कोठे चुकले, हे त्यांनी जाहीरपणे मांडले. त्यामुळेच आज ही हकिगत संगणकजाळ्यांच्या अभ्यासात एक धडा म्हणून सांगितली जाते. निमित्त क्षुल्लक होते. एका संशोधकाने माहितीच्या देवाणघेवाणीची एक प्रणाली चालू ठेवली होती आणि तिने प्रचंड माहिती जाळ्यात ओतायला सुरुवात केली. पण एका प्रणालीने सारे रुग्णालय कसे बंद पाडले? याचे उत्तर त्या जाळ्याच्या रचनेत होते. विद्यापीठ, रुग्णालय, मोठा कारखाना किंवा सरकारी संकुल अशा अनेक इमारतींच्या आवारात, म्हणजे ज्याला आपण कॅम्पस म्हणतो तेथे, निरोपांचे मार्ग कसे ठरतात हे समजून घ्यायचे तर ही घटना उत्तम आरसा आहे.

संगणक जोडण्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला स्विचचा. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो. ते यंत्र कोणत्या तारेवर आहे हे स्विच अनुभवाने शिकतो आणि त्या तारेवर निरोप सोडतो. या क्रमांकाला भूगोल नसतो. माणसाचे नाव माहीत आहे, पण पत्ता नाही, अशी ही स्थिती. मग अनोळखी यंत्र शोधायचे कसे? तर दवंडी पिटून. ‘अमुक कोण आहे?’ असा पुकारा त्या जाळ्यातील प्रत्येक यंत्रापर्यंत जातो. ज्याचे नाव असेल तो उत्तर देतो, इतर ऐकून सोडून देतात. चाळीतल्या चाळीत ही पद्धत झकास चालते. संपूर्ण शहरात प्रत्येकाने प्रत्येक माणसासाठी दवंडी पिटायची म्हटले, तर कोणालाच काही ऐकू येणार नाही.

त्यातही खरा धोका वेगळाच आहे. एक तार तुटली तरी काम चालावे म्हणून शहाणा अभियंता दुसरी तार टाकतो. दोन तारा झाल्या की वर्तुळ तयार होते आणि स्विचच्या जगात वर्तुळ म्हणजे संकट. दवंडी एका तारेने जाते, दुसरीने परत येते, स्विच तिला नवी समजून पुन्हा पिटतो. त्या निरोपावर ‘मी इतक्यांदा फिरलो’ अशी कोणतीही नोंद नसते. तो कधीच मरत नाही. वर्तुळे अनेक असली तर एका दवंडीच्या हजारो होतात आणि काही क्षणांत सारे जाळे स्वतःच्याच प्रतिध्वनींनी भरून जाते.

यावर १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करणाऱ्या रॅडिया पर्लमन यांनी तोडगा काढला. सर्व स्विचनी आपापसांत बोलून एकाला मूळ मानायचे, त्याच्यापासून झाडासारख्या फांद्या काढायच्या आणि वर्तुळ पूर्ण करणाऱ्या जादा तारा तात्पुरत्या बंद ठेवायच्या. झाडाला वर्तुळ नसते, त्यामुळे दवंडी फिरत राहत नाही. एखादी फांदी तुटली की बंद तार उघडायची. ‘स्पॅनिंग ट्री’ या नावाने ही पद्धत प्रमाणित झाली आणि जगभर पसरली. कल्पना सुंदर आहे. मात्र तिला मर्यादा आहेत. तिच्यातील ठरावीक कालमर्यादा लक्षात घेता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा अधिक स्विच ओलांडावे लागू नयेत, असा संकेत आहे. शिवाय तार बंद ठेवायची की नाही हे शेजारी स्विचकडून दर दोन सेकंदांनी येणाऱ्या छोट्या निरोपांवर अवलंबून असते. गर्दीत ते निरोपच हरवले तर स्विचला वाटते, फांदी तुटली. आणि तो बंद ठेवलेली तार उघडतो. म्हणजे जाळे आधीच गुदमरलेले असताना त्यातच वर्तुळ तयार होते.

बॉस्टनमध्ये नेमके हेच घडले. बेथ इस्रायल आणि डिकनेस ही दोन रुग्णालये १९९६ मध्ये एकत्र आली. जाळ्याला जाळे जोडले गेले, नवा विभाग आला की आणखी एक स्विच मागे लावला गेला. प्रत्येक जोडणी त्या दिवशी योग्यच वाटली असणार. पण क्ष-किरण आणि तत्सम प्रतिमांचे जाळे मध्यवर्ती स्विचपासून दहा टप्पे दूर जाऊन बसले होते. साताची मर्यादा ओलांडली गेली होती आणि तरीही वर्षानुवर्षे काम चालू होते, म्हणून कोणाला काही खटकले नाही. आपल्याकडे जुन्या वाड्याला एकेक खोली जोडत जावी आणि एका पावसाळ्यात तुळईच खचावी, तसा हा प्रकार.

वेस हवी, पण कोठे?

जोडणीचा दुसरा प्रकार राउटरचा. राउटर म्हणजे गावाच्या वेशीवर बसलेला वाटाड्या. दवंडी वेशीच्या आत राहते, तो ती बाहेर जाऊ देत नाही. बाहेर जाणाऱ्या निरोपावरचा पत्ता पाहून तो पुढची वाट दाखवतो. राउटरच्या जगातला पत्ता, म्हणजेच आयपी पत्ता, हा नुसते नाव नसून त्याला भूगोल असतो. शिवाय प्रत्येक निरोपावर एक आकडा असतो, जास्तीत जास्त २५५. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झाले की निरोप टाकून देतो. चूक झाली, वर्तुळ झाले, तरी निरोप अमर होत नाही. एवढ्या एका साध्या तरतुदीमुळे राउटरच्या जाळ्यातील चूक एका कोपऱ्यात राहू शकते.

गंमत अशी की, राउटरच्या इतिहासातील एक मोठे पान अशाच एका कॅम्पसवर लिहिले गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठात वेगवेगळ्या विभागांचे संगणक वेगवेगळ्या भाषांत बोलत. त्यांना जोडण्यासाठी विल्यम येगर यांनी राउटरची प्रणाली लिहिली. लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने १९८४ मध्ये सिस्को कंपनी स्थापन केली आणि १९८७ मध्ये विद्यापीठाने या कंपनीला येगर यांच्या प्रणालीचा परवाना दिला. पती-पत्नींना एकमेकांना इ-मेल पाठवता यावी म्हणून राउटर जन्माला आला, ही कथा आवडीने सांगितली जाते. वस्तुस्थिती अनेकांच्या श्रमांची आहे.

तर वेशी कोठे बांधायच्या? रूढ उत्तर असे. प्रत्येक मजल्यावरचे संगणक स्विचला जोडायचे. प्रत्येक इमारतीच्या तळाशी दोन राउटर ठेवायचे आणि मजल्यावरच्या दवंड्या तेथेच थांबवायच्या. सर्व इमारतींच्या राउटरना आवाराच्या मध्यभागी दोन मोठ्या राउटरशी जोडायचे. मध्यभागाने फक्त वेगाने निरोप इकडून तिकडे द्यायचे. तेथे कोणतीही तपासणी नको, हुशारी नको. अशा रचनेत ग्रंथालयात कोणी केबलचे दोन्ही टोक एकाच स्विचमध्ये खुपसले (हे कर्मचाऱ्यांकडून होते, विद्यार्थ्यांकडून तर हमखास होते), तर फार तर ग्रंथालयाचा एक मजला बंद पडेल. बॉस्टनमध्ये सारे रुग्णालय बंद पडले, कारण तेथे आतून वेसच नव्हती. दुरुस्तीत सिस्कोच्या तज्ज्ञांच्या मदतीने तेथे नेमके हेच केले गेले: सलग जाळ्याचे भाग पाडले आणि भागांच्या मध्ये राउटर आणले.

येथे एक बारकावा आहे. इमारतीतले दोन राउटर आणि मध्यभागातले दोन राउटर जोडताना पैसे वाचवायला एकेकच तार टाकली तर चौकोन होतो. प्रत्येकाची दुसऱ्या दोघांशी जोडणी केली तर त्रिकोण होतात. चौकोनात एक तार तुटली की राउटरला उरलेली वाट शोधण्यासाठी नव्याने गणित करावे लागते. त्रिकोणात दोन समान वाटा आधीपासूनच वापरात असतात. एक गेली की दुसरी लगेच सगळा भार घेते. दोन जादा तारांचा खर्च हिशेबाच्या वहीत उठून दिसतो, त्यामुळे मंजुरीच्या बैठकीत त्याच आधी कापल्या जातात.

पिनकोडचे शहाणपण

वेशी बांधल्या, आता पत्ते वाटायचे. माझ्या मते कॅम्पसच्या मार्गरचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आणि सर्वांत घाईने घेतला जाणाराही हाच.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने सहा आकडी पिनकोड सुरू केला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे विद्वान आणि कवी होते. कोलकात्यात बसलेल्या टपाल कर्मचाऱ्याला पुण्याच्या सदाशिव पेठेचा नकाशा माहीत असण्याची गरज नाही. ४११०३० या आकड्यातील पहिला ४ पाहून तो पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगढ या विभागाकडे धाडतो. पुढे ४११ पाहून ते पुण्याला येते आणि शेवटचे तीन आकडे पुण्यातच कामाला येतात. दूरच्या माणसाला थोडे कळले तरी पुरते. जवळच्याला अधिक कळावे लागते.

आयपी पत्त्यांचेही तसेच करता येते. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या १० पासून सुरू होणाऱ्या पत्त्यांची संख्या १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आहे. समजा, आवारात ६० इमारती आहेत. ग्रंथालयाला १०.२०.०.० पासून १०.२०.१५.२५५ पर्यंतचे ४०९६ पत्ते दिले. त्यांचे २५६ पत्त्यांचे १६ गट झाले. मजल्यागणिक, वापरागणिक एकेक गट वाटता येतो. शेजारच्या इमारतीचे पत्ते १०.२०.१६.० पासून सुरू होतील. आता ग्रंथालयाच्या राउटरला बाहेर १६ ओळी सांगाव्या लागत नाहीत, ‘१०.२०.०.० पासूनचा हा सलग पट्टा माझ्याकडे’ ही एकच ओळ पुरते. सगळ्या इमारतींचे गट मिळून ९६० ओळी होतात, त्यांच्या जागी मध्यभागाला ६० ओळी लक्षात ठेवाव्या लागतात. ओळी वाचणे हा किरकोळ फायदा. मोठा फायदा असा की, ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची एखादी खराब तार मिनिटाला दहादा जोडली-तुटली, तरी त्याची वार्ता इमारतीबाहेर जात नाही. एरवी प्रत्येक वेळी आवारातील प्रत्येक राउटरला नवे गणित मांडत बसावे लागले असते.

हे साधायचे तर पट्टे सलग हवेत, त्यांचे आकारमान दोनाच्या पटीत म्हणजे १६, ३२, ६४ असे दुपटीने वाढणारे हवे आणि प्रत्येक इमारतीला वाढीसाठी मोकळी जागा हवी. ‘आले तसे वाटले’ असे केले की पिनकोडच्या जागी लॉटरीची तिकिटे हाती येतात. मग पत्ते बदलायचे म्हणजे प्रत्येक छपाईयंत्र, प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक दरवाजाचे कुलूप पुन्हा मांडायचे. स्टॅनफर्डकडे एके काळी ३६ ने सुरू होणारे सारेच्या सारे पत्ते होते, ते विद्यापीठाने २००० मध्ये परत केले. त्यासाठी आधी साऱ्या आवाराचे पत्ते बदलण्याचे दिव्य पार पाडावे लागले. एमआयटीने १८ ने सुरू होणारा आपला पट्टा तसाच ठेवला आणि २०१७ मध्ये त्यातला सुमारे निम्मा हिस्सा विकायला काढला.

पिनकोडच्या शहाणपणाला एक काळी बाजूही आहे. ग्रंथालयाचे दोन्ही राउटर बाहेर ‘हा पट्टा माझ्याकडे’ असे सांगत आहेत. त्यातल्या एका राउटरची तिसऱ्या मजल्याकडे जाणारी तार तुटली. बाहेरच्यांना ते कळत नाही, कारण आपणच तपशील झाकला आहे. निम्मे निरोप त्या राउटरकडे येत राहतात आणि तो ते मुकाट्याने टाकून देतो. वापरणाऱ्याला दिसते ते असे की, काही संकेतस्थळे उघडतात, काही उघडत नाहीत. तक्रार घ्यायला आलेल्या माणसासमोर मात्र सारे उघडते. असा दोष शोधणे म्हणजे भुताटकीचा पंचनामा करणे. उपाय सोपा आहे: इमारतीतल्या दोन राउटरमध्ये आपसांत एक थेट तार ठेवायची, म्हणजे वाट नसलेला राउटर निरोप शेजाऱ्याच्या हाती देतो. त्रिकोणाच्या तारांप्रमाणे हीदेखील ‘जास्तीची’ म्हणून कापली जाणारी तार आहे.

अफवा की नकाशा

राउटरना वाटा कळतात कशा? जुनी पद्धत अफवेसारखी होती. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला सांगे, ‘अमुक ठिकाण माझ्यापासून इतके टप्पे दूर.’ शेजारी त्यात एक मिळवून पुढे सांगे. कोणालाच पूर्ण चित्र माहीत नसे. एखादी वाट बंद झाली की दोन राउटर एकमेकांच्या जुन्या गोष्टीवर विश्वास ठेवून अंतर वाढवत बसत. म्हणून १६ टप्पे म्हणजे अनंत, असे ठरवून टाकावे लागले होते. ‘रिप’ नावाची ही पद्धत छोट्या जाळ्यात चालली, मोठ्या आवारात तिने रडवले.

नव्या पद्धतीत प्रत्येक राउटर फक्त स्वतःच्या शेजाऱ्यांची, म्हणजे स्वतः पाहिलेली माहिती देतो. पण ती सर्वांना देतो. मग प्रत्येकाकडे आवाराचा एकच नकाशा तयार होतो आणि त्यावरून जो तो जवळची वाट स्वतः काढतो. वाट काढण्याचे गणित डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांचे. १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये नियोजित वधूबरोबर खरेदीला गेले असता, कॉफीघराच्या गच्चीवर बसून वीसएक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय त्यांनी ते सोडवले. प्रसिद्ध केले १९५९ मध्ये. ‘ओएसपीएफ’ ही पद्धत याच गणितावर चालते आणि आज अनेक मोठ्या आवारांत तीच दिसते.

तिच्यातही एक जुनी खोच आहे. प्रत्येक तारेची ‘किंमत’ तिच्या वेगावरून ठरते; मूळ हिशेब सेकंदाला १०० मेगाबिट ही कमाल धरून केलेला. किंमत एकपेक्षा कमी होत नाही. त्यामुळे १०० मेगाबिटची जुनी तार आणि तिच्या शंभरपट वेगाची १० गिगाबिटची तार, दोघींची किंमत एकच ठरते आणि राउटर दोघींवर सारखा भार टाकतो! आजही अनेक उपकरणे याच मूळ हिशेबाने येतात. तो सर्व राउटरवर एकाच वेळी बदलावा लागतो, काहींवर विसरला तर वाटा वाकड्या होतात.

आवाराचे आणखी ‘विभाग’ पाडून प्रत्येकाचा नकाशा वेगळा ठेवण्याची सोय या पद्धतीत आहे. पाठ्यपुस्तके तिचे कौतुक करतात. तथापि आजच्या राउटरची ताकद पाहता साठ इमारतींना एकच विभाग बहुधा पुरेसा होतो. गरज नसताना पाडलेले विभाग रात्री दोन वाजता दोष शोधणाऱ्याच्या मुळावर येतात.

बिनतारी जोडणीने मात्र या साऱ्या वेशींना आव्हान दिले. विद्यार्थी मोबाइलवर बोलत वसतिगृहातून वर्गात जातो, वेस ओलांडली म्हणून त्याचा पत्ता बदलला तर संभाषण तुटेल. यावर निरोपाला राउटरच्या वाटांवरूनच दुसऱ्या पाकिटात घालून नेण्याची युक्ती वापरतात. खाली वेशी शाबूत, वर मात्र सलग आवार असल्याचा भास.

उरली आवाराची बाहेरची सीमा. आतल्या राउटरना साऱ्या महाजालाचे लाखो मार्ग माहीत असण्याचे कारण नाही. ‘जे ओळखीचे नाही ते सीमेकडे’ ही एक ओळ पुरते. सीमेवर मात्र दोन इंटरनेट कंपन्यांच्या जोडण्या असतील तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. एका कंपनीकडून ऐकलेले मार्ग दुसरीला सांगितले तर जगाला वाटते, ही वाट मोकळी आहे. २४ जून २०१९ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात एका पोलाद कंपनीच्या जोडणीवरून असेच मार्ग बाहेर गेले, पलीकडच्या बड्या दूरसंचार कंपनीने ते न गाळता पुढे पसरवले आणि महाजालाच्या एका मोठ्या भागाची वाहतूक त्या पोलाद कंपनीच्या अरुंद वाटेवर लोटली. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीची जागतिक वाहतूक काही काळ सुमारे १५ टक्क्यांनी घटली. आपलेच पत्ते तेवढे बाहेर सांगायचे, दुसरे काही नाही, अशी दोन-चार ओळींची गाळणी सीमेवर हवी होती; कंपनीकडेही आणि तिच्या पलीकडेही.

बॉस्टनच्या रुग्णालयाने नवे जाळे उभारताना कोणताही बदल आधी समितीपुढे मांडण्याचा नियम केला. आणखी एक गोष्ट आता जाणती मंडळी करतात: राउटरपर्यंत पोहोचण्याची वेगळी, स्वतंत्र वाट. जाळे बंद पडले असताना त्याच जाळ्यातून राउटर दुरुस्त करता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे अंतर्गत जाळे एका चुकीच्या आज्ञेने तुटले, तेव्हा त्यांच्या अभियंत्यांना दुरून काहीच करता येईना. माणसे प्रत्यक्ष माहिती-केंद्रांवर पाठवावी लागली. तेथील सुरक्षाव्यवस्था इतकी कडक होती की, आत शिरून यंत्रांपर्यंत पोहोचण्यातच बराच वेळ गेला. सेवा सुमारे सहा तास बंद राहिली.